चौदा चादरींचं गाठोडं

पुलाच्या मध्यावर आलो तेव्हा ती कठड्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, दम लागला. सदतिसावा आठवडा चालू होता आणि आम्ही निम्मं अंतर तोडलं होतं. मी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. तिने ती घेतली, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि खालच्या पाण्याकडे बघत म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार की."

"ती चौदा चादरींची बाई वाचली का हो?"

मला काही उलगडा होईना. पंधरा वर्षं मी प्रसूतीच्या वॉर्डात काढली आहेत. बायका मला खाटेच्या नंबराने आठवतात, एखादीची आरडाओरड आठवते, एकीने माझ्या मनगटाला घेतलेला चावा अजून आठवतो. चादरींवरून बाई आठवायची मला सवय नाही. तिला ती होती, कारण ती आमच्याच हॉस्पिटलच्या तळघरात, धुलाईघरात कामाला होती.

आमच्या मजल्यावर, भांडी धुवायच्या मोरीशेजारी, भिंतीत एक पत्र्याचं झाकण आहे. झाकण उचलून गाठोडं आत सोडलं की ते तीन मजले घसरत थेट तळघरात पडतं. सगळे त्याला घसरगुंडी म्हणतात. तळघरात एका लांब टेबलावर गाठोडी सोडतात, कपडे निवडतात, मग धुणं, वाळवणं, इस्त्री आणि घडी. ती आधी सहा वर्षं निवडायच्या टेबलावर होती, नंतर घडीला आली. तिच्या घडीची चादर आम्ही डोळे मिटून ओळखायचो. दोन टोकं धरून एकदा झटकली की खाटेवर सरळ पडायची, ओढून नीट करायची गरज नाही. त्यावरून तिला सगळे घडीवाली म्हणायचे. मीही तेच म्हणायची. वयाने ती एकतीस-बत्तीसची. बारीक अंगाची, बोलणं तुटक, आणि थट्टा केली तर चेहरा न हलवता परतफेड करणारी.

आम्ही दोघी रोज चालत होतो ते डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुम्ही तिच्याच बाजूला राहता ना? आता बस सोडा आणि तिच्याबरोबर चाला. तिला चालणं हवंच आहे. आणि चालता चालता तिच्या डोक्यात काय आहे ते बघा. दर तपासणीला एकच, मला भूल द्या आणि पोट कापून मूल काढा. सगळं नीट आहे, मूल खाली डोकं करून बसलंय, कापायचं कशाला? कारण विचारलं की तोंडाला कुलूप."

तेव्हा हे कुलूप असं पुलावर उघडलं.

"कधीची गोष्ट?" मी विचारलं.

"दोन वर्षांपूर्वीची. तळघरातला नळ फुटून दोन दिवस काम बंद होतं, त्याच्या पुढचा मंगळवार. सकाळी साडेअकराला तुमच्या वॉर्डाचं गाठोडं आलं. पिवळ्या दोऱ्याचं." प्रत्येक वॉर्डाचा दोरा वेगळ्या रंगाचा असतो, आमचा पिवळा. एका बाईचे कपडे, एक गाठोडं, एक दोरा, असा नियम. "मीच सोडलं ते. मी मोजत गेले. आमचा हिशेब ठरलेला असतो सिस्टर. तीन-चार चादरी म्हणजे सगळं बरं. सहा-सात म्हणजे टाके पडले. नवाच्या वर गेलं की आम्ही बोलत नाही. त्या दिवशी चौदा निघाल्या. सगळ्या भरलेल्या. मुकादमबाईंनी यंत्र बंद केलं. पाच मिनिटं कोणी हललं नाही. मग त्यांनीच सांगितलं, चला, तिच्यासाठी आता एवढंच करता येतं, स्वच्छ धुवा."

"मला आता आठवत नाही," मी म्हटलं. खरंच आठवत नव्हतं. "बघून सांगते."

"म्हणजे गेलीच असणार. वाचली असती तर तुम्हाला आठवली असती."

ती चालायला लागली. पूल उतरून आम्ही बस डेपोच्या भिंतीकडेने निघालो. आता ती थांबेना. त्या मंगळवारी तिने ठरवलं होतं की आपल्याला मूल नको. नवऱ्याला तिने कारण सांगितलं नाही, नुसतं 'अजून थोडं थांबू' म्हणत राहिली. दोन वर्षं त्याला थांबवलं. आणि मग, तिच्याच शब्दांत, "थांबवायचं राहून गेलं."

"बाळंतपणाच्या त्या टेबलावर मी चढणार नाही सिस्टर. डॉक्टरबाई कापणार नसतील तर कळा आल्या तरी मी कुणाला सांगणार नाही. घरात दार लावून घेईन. व्हायचं ते होईल."

हे ती रागाने बोलली असती तर मी एवढी घाबरले नसते. ती एखादी रजा टाकावी तसं बोलत होती. घरी दार लावून घेतलेली पहिलटकरीण आमच्याकडे कशी आणली जाते ते मी पाहिलेलं आहे. माझा फाटा आला तरी मी तिच्याबरोबर तिच्या घरापर्यंत गेले.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार सासूबाईंनी उघडलं. नवरा काचवाला, म्हणजे लोकांच्या खिडक्यांना काचा बसवणारा. त्याच्या स्वतःच्या खिडकीच्या एका चौकटीत मात्र पुठ्ठा लावलेला होता. सासूबाईंनी माझी नजर पकडली.

"बघा सिस्टरबाई, सगळ्या गावाला काचा आणि घरात पुठ्ठा. दीड वर्ष झालं. म्हणे माप घ्यायला वेळ नाही. मी म्हटलं, नातवंड आलं की ते घेईल माप."

काचवाला आतल्या खोलीत जमिनीवर बसून चादरीची घडी घालत होता. दोन्ही टोकं त्याच्या हनुवटीखाली धरलेली, बाकीची चादर मांडीवर गोळा.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"शिकवणी," तो म्हणाला. "महिना झाला. भात शिकलो, बटणं लावायला शिकलो, आता घडी. काच कापणं सोपं हो, ती निदान एका जागी राहते."

"टोकाला टोक लागलं नाही," घडीवालीने दारातूनच सांगितलं. "उलगडा आणि पुन्हा घाला."

"बघितलंत? मुकादमीण घरीच आहे."

बाळासाठी काय काय तयारी झाली ते दाखव, असं मी तिला म्हटलं. तिने कपाट उघडलं. इतकं नेटकं कपाट मी दुकानातही पाहिलेलं नाही. प्रत्येक थप्पीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली. अक्षर गोल, शाळेतलं. 'हिवाळ्यातले कपडे, नणंदेला.' 'कामाचे दोन गणवेश, मुकादमबाईंना परत.' 'निळा स्वेटर, सासूबाईंना, बाही उसवली आहे.' 'विजेची बिलं, डबा.' 'गॅसवाल्याचा फोन.' खालच्या खणात नवऱ्याचे सदरे, वार लिहून. मी वरून खालपर्यंत बघितलं, मग पुन्हा खालून वर. त्या कपाटात एक टोपडं नव्हतं. एक लंगोट नव्हता. तिने आपल्यामागे राहणाऱ्या घराची तयारी केली होती, आणि त्या घरात मूल धरलेलंच नव्हतं.

सासूबाई मागून म्हणाल्या, "आमची सूनबाई फार टापटिपीची. बाळाचं आणायचं म्हटलं की म्हणते, मागाहून." त्यांना त्या चिठ्ठ्यांचा अर्थ कळला होता की नाही, मला सांगता येणार नाही. काचवाल्याला कळला होता. तो चादर तशीच मांडीवर धरून माझ्याकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताच मी नोंदवही काढली. नळ फुटल्याचा आठवडा देखभालीच्या कागदांवरून सापडला. त्या मंगळवारचं पान उघडलं. सकाळी सात ते अकरा या वेळात चार प्रसूती. मुलगी, मुलगा, मुलगा, मुलगी. चौघी तिसऱ्या दिवशी आपापल्या पायांनी घरी गेलेल्या. आणि मग मला तो दिवस आठवला. खाटा कमी पडल्या होत्या, एकीला स्ट्रेचरवरच ठेवलं होतं, आणि पिवळा दोरा संपला होता. भांडारातून दोरा यायला दुपार होणार होती. मोरीपाशी चार ढीग पडलेले. मी एका मोठ्या चादरीत चौघींचे कपडे एकत्र घेतले, उरलेल्या वीतभर दोऱ्याने कशीबशी गाठ मारली आणि झाकण उचललं. मला तेव्हा एवढंच वाटलं होतं की मोरी मोकळी झाली.

ती गाठ माझ्या हातची होती.

प्रत्येक प्रसूतीच्या आधी हात धुताना मी देवाचं नाव घेते. मोठ्याने नाही, नळाच्या आवाजात. त्या दिवशीही चार वेळा घेतलं असणार. गाठोडं बांधताना घेतलं नव्हतं. त्या कामाला देवाचं नाव लागतं असं कधी मनातच आलं नाही.

एक दिवस मी गप्प राहिले, हेही लिहिते. नियम मोडला होता, आणि ती गोष्ट दोन वर्षं कोणाला ठाऊक नव्हती. त्या दिवशी आम्ही चाललो तेव्हा तिने विचारलं, "बघितलंत?" मी म्हटलं, "अजून वही मिळाली नाही." ती 'बरं' म्हणाली आणि पुलावर थांबली नाही.

त्यानंतरच्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी तळघरात गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. वाफ, साबणाचा वास, आणि आवाज इतका की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. इस्त्रीचं यंत्र म्हणजे माणसाएवढा जाड गरम रूळ. एका बाजूने दोघी ओली चादर लावतात, दुसऱ्या बाजूने दोघी घेतात. बाळंतपणाची रजा दोन दिवसांवर आली तरी घडीवाली स्टुलावर बसून घडीच घालत होती. मला बघून तिचे हात थांबले.

मुकादमबाई पुढे आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या. "वरची माणसं खाली? घसरगुंडीतून आलात का?"

बायका हसल्या. मी म्हटलं, "त्या चौदा चादरींचं सांगायला आलेय."

हसणं बंद झालं. कोणीतरी यंत्राचं बटण दाबलं. मी नोंदवहीतलं उतरवून आणलं होतं ते वाचून दाखवलं. चार बायका, चार वेळा, चार वजनं. मग दोऱ्याचं सांगितलं.

मग मुकादमबाई म्हणाल्या, "दोरा संपला होता?"

"हो."

"दोरा! अहो, आम्ही त्या बाईसाठी यंत्र बंद केलं, ही पोरगी चार दिवस जेवली नाही, आणि तुमचा दोरा संपला होता? एक चिठ्ठी तर टाकायची!"

"गाठोड्याबरोबर चिठ्ठी टाकायची पद्धत नाही."

"पद्धत नाही," त्यांनी माझी नक्कल केली. "सिस्टर, आमच्याकडे फक्त डाग येतात. पोर रडलेलं आम्हाला ऐकू येत नाही. एवढं तुम्हाला सुचू नये?"

मी चुकले असं म्हटलं. घडीवाली स्टुलावरून उठली, माझ्या हातातला कागद घेतला आणि चार ओळींवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा उजळेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही.

"म्हणजे दोन वर्षं मी जिच्यासाठी रडले ती बाईच नव्हती," ती म्हणाली. आणि मग, "दोन वर्षं सिस्टर." कागदाची तिने नीट चौकोनी घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्या दुपारी ती चालायला येणार नाही असं मला वाटलं होतं. ती फाटकाशी उभी होती. पुलावर म्हणाली, "आणि खरंच गेल्या अशा किती? तुमच्या पंधरा वर्षांत?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण एकदा वहीबद्दल बोलून झालं होतं. "दोघी," मी म्हटलं.

"त्यांच्या किती चादरी?"

"एकीच्या आठवत नाहीत, बऱ्याच. दुसरीच्या दोन. जवळजवळ स्वच्छ. तिला झटके आले होते. रक्तदाब वाढला होता आणि ती तपासणीला आलीच नव्हती."

हे बोलल्यावर मला वाटलं, जीभ आवरायला हवी होती. ती डेपोच्या भिंतीपर्यंत माझ्या पुढे चालत राहिली. मग म्हणाली, "दोन चादरी टेबलावर आल्या असत्या तर आम्ही म्हटलं असतं, सुटली बाई."

"हो."

"म्हणजे चादरींवरून काही कळत नाही."

"नाही."

"मग कळतं कशावरून?"

"तिथे असलं की कळतं. तेसुद्धा थोडं. म्हणून तर तिथे यायचं असतं. दार लावून घेतलेल्या बाईचं कोणालाच काही कळत नाही."

थोडं पुढे गेल्यावर तिने पोट कापण्याची गोष्ट काढली. ते तरी स्वच्छ असतं ना, म्हणाली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ऑपरेशनचे हिरवे कपडे तिच्या तळघरात येतच नाहीत, ते वेगळ्या खोलीत वेगळ्या यंत्रात जातात. तिने ते कधी पाहिलेच नव्हते. म्हणून तिच्या हिशेबात ऑपरेशन म्हणजे शून्य चादरी. मी तिला सांगितलं की तिथेही रक्त जातं, आणि साध्या प्रसूतीपेक्षा जास्तच जातं. गरज असेल तेव्हा ते जीव वाचवतं, गरज नसताना कोणी हौसेने करत नाही. ती थांबून माझ्याकडे बघायला लागली. "हिरवेही भरतात?"

"हिरवेही भरतात."

"कमाल आहे," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला हसू आलं. "सहा वर्षं मला वाटायचं की तिकडे फार चांगली माणसं काम करतात."

रजा लागल्यावर ती मला पुलापाशी येऊन भेटायची, आणि त्यानंतरचे दिवस आम्ही कामाचं बोललो. तिला सगळं क्रमाने लागायचं. कळा दर पाच मिनिटांनी यायला लागल्या आणि तासभर तशाच राहिल्या की निघायचं. पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघायचं, आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवायचा. रक्त गेलं, डोकं फार दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा मूल नेहमीसारखं हलेनासं झालं, तर कोणाला विचारत बसायचं नाही, तसंच निघायचं. पहिली खेप असते, वेळ लागतो, बारा तास, कधी जास्तही, त्याला कोणाचा दोष नसतो. गाडी कोणाची, तिच्या शेजाऱ्याची. त्याचा फोन लागला नाही तर कोणाची. फाइल पिशवीत वर, खाली नाही. मी एक गोष्ट सांगितली की ती दोन प्रश्न विचारायची, आणि दुसऱ्या दिवशी आदल्या दिवसाचं मलाच म्हणून दाखवायची.

श्वासाचं मात्र तिला जमेना. मी वॉर्डात शंभर बायकांना सांगते तसं सांगत होते, कळ आली की लांब श्वास सोडायचा, अंग आवळायचं नाही. ती आवळायचीच. खांदे कानापर्यंत. एकदा रस्त्यातच तिला पोट कडक झाल्याची कळ आली, खरी नव्हे, सरावाची. ती दिव्याच्या खांबाला धरून उभी राहिली. कळ ओसरल्यावर म्हणाली, "हे रुळासारखं आहे."

"कसल्या रुळासारखं?"

"इस्त्रीच्या. नवीन मुलगी आली की चादर लावते आणि सोडतच नाही, धरून ठेवते. रूळ थांबतो थोडाच? चादर फाटते नाहीतर बोटं भाजतात. आम्ही तिला सांगतो, लावलीस ना, आता हात सैल सोड आणि त्याच्याबरोबर चाल. तो पलीकडे नेऊन देतो." ती थोडा वेळ हाताकडे बघत राहिली. "तुम्ही नुसतं श्वास श्वास करत होता."

पुढच्या वेळी तिचे खांदे खाली राहिले. आता मी नवीन बायकांना श्वासाचं सांगताना घुटमळते, कारण त्यांच्यापैकी कोणाला कशाचं उदाहरण लागू पडेल ते मला माहीत नसतं.

अडतिसाव्या आठवड्याच्या शेवटी सासूबाईंनी मला वर बोलावलं, बघा म्हणाल्या. खिडकीत काच बसली होती. काचवाल्याने कडेची पुट्टी अजून ओली असल्याचं सांगून कोणालाही हात लावू दिला नाही. कपाटाचा मधला खण रिकामा करून त्यात सहा झबली, चार टोपडी आणि लंगोटांची थप्पी ठेवली होती. सासूबाईंच्या हातच्या घड्या होत्या, वेड्यावाकड्या, आणि घडीवालीने त्या तशाच राहू दिल्या होत्या. चिठ्ठ्या तिने काढल्या होत्या का? काही काढल्या होत्या. नणंदेची होती तिथेच होती. निळ्या स्वेटरची नव्हती, कारण तो स्वेटर तिच्या अंगात होता आणि त्याची बाही शिवलेली होती.

"सगळ्या का नाही काढल्यास?" मी हळूच विचारलं.

"तुम्हीच म्हणालात ना, दोघी," ती म्हणाली.

ती येईल की दार लावून घेईल, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं. मी विचारलंही नाही. रोज सकाळी हात धुताना तिच्या नावाने एकदा जास्त नळ उघडत होते, एवढंच.

चाळिसाव्या आठवड्यात, गुरुवारी, सकाळी पावणेनऊला लिफ्टचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. चालत. मागे काचवाला, दोन्ही हातांत पिशव्या, सदऱ्याची बटणं एक घर चुकवून लावलेली. त्याच्या मागे सासूबाई. "सव्वाचारपासून कळा आहेत," सासूबाई दुरूनच सांगायला लागल्या. "सहाला मला उठवलं. उठवलं म्हणजे काय, आधी अंथरुणं आवरली, मग उठवलं!"

"पाच मिनिटांनी येताहेत," घडीवाली म्हणाली. "तास झाला. पाणी गेलं नाही. फाइल वर आहे."

मी तिला आत घेऊन निघाले. मोरीपाशी आल्यावर तिने माझा दंड धरला. "ते झाकण कुठे आहे?"

"कसलं?"

"घसरगुंडीचं. मी खालचं तोंडच पाहिलंय."

मी दाखवलं. तिने स्वतः पत्रा उचलला आणि आत वाकून बघितलं. आत अंधार. खालून यंत्राची घरघर आणि त्यावर चढलेला मुकादमबाईंचा आवाज, कोणाला तरी रागावत होत्या. तेवढ्यात तिला कळ आली. तिने पत्र्याची कड धरली, मग बोटं सैल सोडली. मी मोजत होते. पन्नास सेकंद. खांदे खाली होते.

कळ गेल्यावर तिने स्वेटरच्या खिशातून एक कोरी चिठ्ठी काढली. कपाटातल्या चिठ्ठ्यांसारखीच, कोपऱ्यात भोक आणि भोकात पिवळा दोरा ओवलेला. दोरा चांगला हातभर होता. तो तिने माझ्या हातावर ठेवला.

"माझं गाठोडं दुसऱ्या कोणाच्यात घालू नका," ती म्हणाली. "आणि खाली सोडताना ही त्याला बांधा. मूल कसं आहे आणि मी कशी आहे, दोनच ओळी लिहा. खालच्या बायका टेबलाशी उभ्या असतील, कोणी जेवायला जाणार नाही." ती थांबली. पुढची कळ अजून यायची होती. "आणि सिस्टर, वाईट झालं तरी लिहा. कोरी सोडू नका."